समाजाची वही लिहिणारे संशोधक : डॉ. विलास आदिनाथ संगवे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कोणत्याही कारखान्यात पाऊल ठेवले, की यंत्रमागांच्या खडखडाटाच्या जोडीला एक गोष्ट हमखास आढळते. ती म्हणजे हिशेबाची वही. सूत किती आले, चादरी किती विणल्या गेल्या, टॉवेलचा किती माल गाडीत चढला, कोणाकडून किती येणे आहे, याची नोंद रोजच्या रोज झालीच पाहिजे, ही पेढीची जुनी शिस्त. आता वहीची जागा संगणकाने घेतली असली, तरी भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवाबरोबर येणाऱ्या नव्या वर्षी वहीपूजन करण्याची प्रथा अनेक जैन घरांतून चालत आली आहे. वहीचे पावित्र्य तिच्या लाल कापडी बांधणीत नसते. जमा आणि नावे या दोन्ही बाजू सारख्याच खरेपणाने लिहिण्यात ते असते, हे वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असते.

मालाचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवणाऱ्या या समाजाने स्वतःचा हिशेब मात्र फार काळ ठेवला नव्हता. आपण देशात किती आहोत, कोणकोणत्या प्रांतांत विखुरलेलो आहोत, आपल्यात किती पंथ आणि किती पोटजाती आहेत, आपल्या मुलामुलींचे विवाह कोणत्या मर्यादेत होतात, विधवेला घरात कोणते स्थान आहे, आणि अनेक धर्मसंप्रदाय काळाच्या उदरात गडप झाले असताना आपण टिकलो ते कशाच्या बळावर, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून, शिलालेखांतून, सरकारी दप्तरांतून आणि लोकांच्या आठवणींतून विखुरलेली होती. ती एकत्र करून, पारखून, शास्त्रीय शिस्तीने एका ग्रंथात मांडण्याचे काम ज्यांनी केले, ते डॉ. विलास आदिनाथ संगवे हे सोलापूरच्याच मातीत जन्मले, ही या नगरीच्या जैन समाजाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मात्र केवळ अभिमान बाळगून त्यांचे ऋण फिटणारे नाही. त्यांनी वहीच्या दोन्ही बाजू लिहिल्या होत्या, आणि त्या दोन्ही वाचल्याखेरीज त्यांचे मोठेपण ध्यानात येत नाही.

सोलापूरचा वारसा

विलास संगवे यांचा जन्म २ जून १९२० रोजी सोलापूर येथे झाला. ते ज्या शहरात जन्मले, ते त्या काळी एक सामाजिक प्रयोगशाळाच होते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपाठोपाठ येथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकाच्या सीमेवरून कानडी भाषक आले, दुष्काळी खेड्यांतून मराठी शेतकरी कामगार होऊन आले. एकाच पेठेत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि गुजराती भाषा कानी पडत. १९३० साली सोलापूरकरांनी ब्रिटिश सत्तेला हादरा दिला, शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. चार हुतात्म्यांची ही चार नावेच या शहराच्या समाजरचनेची साक्ष देतात.

जैन समाजाच्या दृष्टीनेही सोलापूर हे लहानसे भारतच होते. ईडरकडून आलेले हुमड, महाराष्ट्रात पूर्वापार स्थायिक असलेले सैतवाळ, भांड्यांचा व्यवसाय करणारे कासार, कर्नाटकाशी नाते सांगणारे पंचम आणि चतुर्थ, मारवाडातून आलेले ओसवाल, गुजरातेतून आलेले श्वेतांबर कुटुंबीय, असे सारे या परिसरात नांदत होते. देव एक, णमोकार मंत्र एक, परंतु पंगत आणि सोयरीक मात्र आपापल्या वर्तुळात, असे चित्र घरोघरी दिसत असे.

या समाजात विचारमंथनही जुने होते. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात सोलापुरात ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू करून शिक्षण आणि समाजसुधारणेचा आवाज उठवला होता. दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि साखर उद्योगांत देशाला दिशा दिली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती जैन संस्कृतीच्या संरक्षणासाठी दिली आणि त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी संपादिलेले प्राचीन ग्रंथ या मालेतून सोलापुरातून प्रकाशित झाले. पंडिता सुमतिबाई शहा यांच्या श्राविका संस्थेने स्त्रीशिक्षणाचे दालन उघडले. धर्मग्रंथांचा अभ्यास करणारे पंडित समाजाला नवे नव्हते. समाजालाच अभ्यासाचा विषय करणारा संशोधक मात्र अद्याप यायचा होता.

मुंबईची शाळा

समाजशास्त्र ही विद्या त्या काळी आपल्या देशात नवीच होती. मुंबई विद्यापीठात १९१९ साली सर पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ मध्ये त्याची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. मालवणात १८९३ साली जन्मलेले घुर्ये हे मूळचे संस्कृतचे पंडित. गेडीस यांच्या शिफारशीने ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात डॉ. रिव्हर्स यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. १९२२ साली रिव्हर्स यांचे अकाली निधन झाले, तेव्हा डॉ. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आपला प्रबंध पूर्ण केला. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर मान्यता पावला.

डॉ. घुर्ये यांनी आयुष्यभर केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे संशोधकांची पिढी घडविणे. इरावती कर्वे, के. एम. कापडिया, ए. आर. देसाई, एम. एन. श्रीनिवास अशी भारतीय समाजशास्त्रातील कितीतरी थोर नावे त्यांच्या हाताखालून गेली. त्यांच्या शिस्तीत दोन गोष्टींना फार महत्त्व होते. पहिली म्हणजे मूळ ग्रंथांचे वाचन आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष समाजाची पाहणी. केवळ पोथीत काय लिहिले आहे ते सांगून भागत नसे, आणि केवळ लोक काय करतात याचे वर्णन करूनही भागत नसे. पोथी आणि व्यवहार यांच्यात जेथे अंतर पडते, तेथेच समाजशास्त्राचा खरा प्रश्न सुरू होतो, ही या शाळेची शिकवण होती.

अशा गुरूंच्या मार्गदर्शनाखाली विलास संगवे यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी विषय निवडला तो जैन समाजाचाच. आज या निवडीचे नवल वाटणार नाही. परंतु त्या काळी जैन धर्माचा अभ्यास म्हणजे तत्त्वज्ञान, प्राकृत वाङ्मय, मंदिरशिल्प आणि तीर्थंकरांचा इतिहास असेच समीकरण होते. युरोपीय पंडितांनीही आगमग्रंथांचे संपादन आणि भाषांतर यांवरच भर दिला होता. मंदिराबाहेर पडल्यावर श्रावक कसा जगतो, कोणाशी सोयरीक करतो, कोणता व्यवसाय करतो, हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे अनेकांच्या गावीही नव्हते.

आपल्याच समाजावर संशोधन करणे दिसते तितके सोपे नसते. बाहेरच्या अभ्यासकाला दार उघडायला वेळ लागतो, घरच्याला ते उघडेच असते. पण घरच्या माणसाकडून घराची अपेक्षा असते ती गौरवाची. उणे बोलले तर आपले लोक दुखावतात आणि उणे झाकले तर शास्त्र दुखावते. ज्या विद्यापीठात परीक्षक पुरावा मागतात, तेथे श्रद्धा हा पुरावा ठरत नाही. जो समाज वाचणार आहे, त्याला मात्र श्रद्धेखेरीज दुसरा पुरावा नको असतो. या दोहोंच्या मधली वाट संगवे यांना चालायची होती. १९५० साली मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्राची डॉक्टरेट दिली, तेव्हा ही वाट त्यांनी सचोटीने पार केली होती.

प्रबंधाने काय मांडले

हा प्रबंध ‘जैन कम्युनिटी : ए सोशल सर्व्हे’ या नावाने १९५९ साली मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि १९८० साली त्याची सुधारित दुसरी आवृत्ती निघाली. जैन समाजाचा अशा स्वरूपाचा पहिला समग्र समाजशास्त्रीय अभ्यास म्हणून तो आजही ओळखला जातो.

ग्रंथाचा पाया संख्येचा आहे. जनगणनेचे अहवाल समोर ठेवले, की एक विचार करायला लावणारे चित्र उभे राहते. १८९१ मध्ये देशातील जैनांची संख्या सुमारे १४ लाख होती. ती १९०१ मध्ये घटली, १९११ मध्ये आणखी घटली आणि १९२१ मध्ये १२ लाखांच्याही खाली आली. त्यानंतर ती वाढू लागली आणि १९५१ मध्ये १६ लाखांच्या वर गेली. ही घट कशामुळे झाली? दुष्काळ, प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा ही कारणे सर्वच समाजांना लागू होती. शिवाय अनेक जैन कुटुंबे गणनेच्या वेळी आपला धर्म हिंदू असा नोंदवीत, किंवा केवळ पोटजातीचे नाव सांगून मोकळी होत. म्हणजे आकडा घटला तो काही अंशी माणसे कमी झाल्यामुळे आणि काही अंशी आपल्याच माणसांनी आपले नाव न लिहिल्यामुळे. वहीत नोंदच केली नाही तर शिल्लक कशी दिसणार, हा धडा त्या आकड्यांत होता.

दुसरा भाग समाजाच्या विभागणीचा. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन मुख्य संप्रदायांत पुढे तेरापंथ, बीसपंथ, तारणपंथ, मूर्तिपूजक, स्थानकवासी, तेरापंथी असे उपपंथ कसे निर्माण झाले, याचा आढावा ग्रंथात येतो. त्याहून अधिक खोल विवेचन आहे ते पोटजातींचे. ओसियाचे ओसवाल, श्रीमाळचे श्रीमाळी, खंडेल्याचे खंडेलवाल, अग्रोह्याचे अगरवाल अशी स्थानांवरून पडलेली नावे, काहींची व्यवसायावरून पडलेली नावे, त्यांत पुन्हा दसा आणि विसा असे भेद, आणि दक्षिणेत उपाध्ये, पंचम, चतुर्थ, बोगार व सैतवाळ असे निराळे विभाग. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या दिगंबर जैन डिरेक्टरीने केवळ दिगंबरांतच ८७ पोटजाती नोंदवल्या होत्या. त्यांपैकी काही पोटजातींची लोकसंख्या लाखाच्या दिशेने झुकणारी, तर काहींची अगदी मूठभर होती.

येथेच पोथी आणि व्यवहार यांच्यातील अंतराचा प्रश्न उभा राहतो. जैन दर्शनाने जन्मावरून श्रेष्ठत्व मानलेले नाही. भगवान महावीरांच्या संघाचे दार सर्वांना खुले होते. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात वर्णव्यवस्थेची कथा येते, पण ती व्यवसायांच्या विभागणीची. मग जन्मावर आधारलेल्या, रोटीबेटीचे बंधन पाळणाऱ्या इतक्या पोटजाती जैनांत आल्या कोठून? शेजारच्या समाजाच्या प्रदीर्घ सहवासातून, स्थलांतरातून, व्यवसायाच्या गटबांधणीतून त्या आल्या, परंतु धर्माच्या मूळ तत्त्वांत त्यांना आधार नाही, या निष्कर्षापर्यंत डॉ. संगवे पोहोचले. शिवाय या भेदांमुळे विवाहाचे क्षेत्र आकुंचित होते, लहान पोटजातींना वर आणि वधू मिळणे कठीण होते, समाजाची एकजूट विसविशीत होते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. जातिभेदाचे निर्मूलन ही समाजाच्या प्रगतीची अट आहे, ही गोष्ट एका जैन संशोधकाने जैन समाजाला पुराव्यासह सांगितली, यात त्यांच्या सचोटीचे दर्शन घडते.

विवाहसंस्था आणि स्त्रियांचे स्थान यांविषयीही त्यांनी जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू तपासल्या. साध्वी आणि श्राविका यांना चतुर्विध संघात मानाचे स्थान देणारा हा धर्म. अपुत्रिक जैन विधवेला पतीच्या परवानगीखेरीज दत्तक घेता येते, हा जैनांचा रूढीसिद्ध हक्क ब्रिटिश काळातील न्यायालयांनीही मान्य केला होता. परंतु त्याच समाजात बालविवाह होता, विधवांची उपेक्षा होती आणि मुलींच्या शिक्षणाला विरोधही होता. पहिली बाजू सांगून दुसरी गाळणे हे त्यांच्या शास्त्रात बसणारे नव्हते.

आणखी एक समज त्यांच्या अभ्यासाने दूर झाला. जैन म्हणजे व्यापारी, असे सरधोपटपणे म्हटले जाते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा आहे, हे त्यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले. अहिंसेचे व्रत पाळणारा शेतकरी जैन हा उत्तरेतील विद्वानांना नवाच होता.

ग्रंथाच्या अखेरीस हा समाज टिकला कसा, या प्रश्नाची उकल येते. बौद्ध धर्म आपल्याच जन्मभूमीत जवळजवळ लोपला असताना जैन धर्म टिकला. साधू आणि साध्वी यांच्याबरोबरीने श्रावक आणि श्राविका यांनाही संघाचे अविभाज्य अंग मानणारी रचना, आचारधर्माविषयीची चिवट निष्ठा, राजाश्रय, प्रभावी आचार्यांची परंपरा आणि आहार, औषध, अभय व शास्त्र या चार दानांमुळे इतर समाजांत मिळालेला सद्भाव, ही त्यामागची कारणे डॉ. संगवे यांनी दाखवली. समाज केवळ आपल्या बळावर टिकत नाही, शेजाऱ्याच्या सदिच्छेवरही टिकतो, हा त्यातील बोध आजच्या काळातही विसरण्याजोगा नाही.

वादळी काळातील संयम

हे संशोधन ज्या वर्षांत पूर्ण झाले, तो काळ शांत नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला आणि तो जैन मंदिरांना लागू होतो किंवा नाही, हा वाद पेटला. वाद न्यायालयात गेला तो सोलापूर जिल्ह्यातीलच अकलूज येथील जैन मंदिराच्या निमित्ताने. या प्रश्नावर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नत्याग केला होता. जैन धर्म हा हिंदू धर्माहून निराळा असल्याने या कायद्याने जैन मंदिरांत नवा हक्क निर्माण होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिला. पुढे १९५६ च्या कायद्यात जैन मंदिरांचाही समावेश करण्यात आला.

जैन हे स्वतंत्र आहेत की हिंदूंचीच एक शाखा, या प्रश्नावर त्या वेळी घरोघरी आवेशाने बोलले जात होते. डॉ. संगवे यांनी आवेशाऐवजी पुरावा पुढे ठेवला. तीर्थंकर, आगम, साधुसंघ, व्रते आणि कर्मसिद्धान्त यांच्या दृष्टीने जैन धर्म स्वतंत्र आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे दाखवले. त्याच वेळी संस्कार, सण, वारसाहक्क, जातिव्यवस्था यांत जैनांनी शेजारच्या समाजाकडून पुष्कळ घेतले आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. दोन्ही बाजूंच्या आग्रही मंडळींना यातील निम्मेच सत्य हवे होते. त्यांनी ते पूर्ण दिले.

कोल्हापूरची कर्मभूमी

धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय येथे त्यांनी समाजशास्त्राचे अध्यापन केले. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक व विभागप्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडून मिळालेली संशोधनाची दीक्षा अशा रीतीने पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. संशोधकाने आपले गाव, आपली पेठ, आपली जात यांच्याकडेच अभ्यासकाच्या नजरेने पाहायला शिकावे, यासाठी त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाइतके बोलके उदाहरण दुसरे नव्हते.

कोल्हापुरात त्यांच्या हातून आणखी एक मोलाचे काम झाले. शिवाजी विद्यापीठातील शाहू संशोधन केंद्राचे मानद संचालक म्हणून त्यांनी डॉ. बी. डी. खणे यांच्या सहकार्याने राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे अनेक खंड संपादित केले. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी आपल्या संस्थानातील निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या, आणि निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास प्रोत्साहन देणाऱ्या या राजाचे कार्य मूळ कागदपत्रांच्या आधारे अभ्यासकांना उपलब्ध झाले. महाराजांचे इंग्रजी चरित्र १९२४ साली लिहिले होते ते अण्णासाहेब लठ्ठे या जैन विद्वानानेच. त्यानंतर अर्धशतकाने त्यांच्या दप्तराचे संपादन एका जैन संशोधकाकडे यावे, हा सुंदर योग म्हटला पाहिजे. जातिभेदाचे दुष्परिणाम आपल्या समाजाच्या आकडेवारीत पाहिलेल्या अभ्यासकाला शाहूकार्याची थोरवी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने, म्हणजेच पुढील दक्षिण भारत जैन सभेने, शिक्षण, वसतिगृहे आणि समाजसुधारणा यांच्या साहाय्याने या भागातील जैनांचा कायापालट केला. या सभेचा इतिहास डॉ. संगवे यांनी मराठीत लिहिला आणि तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९८१ साली श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षे पूर्ण झाली, त्या वर्षी भारतीय ज्ञानपीठाने त्यांचा श्रवणबेळगोळविषयक सामाजिक व धार्मिक अभ्यास प्रकाशित केला. जैन धर्माच्या विविध अंगांची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ १९९० मध्ये, तर निवडक निबंधांचा संग्रह २००१ मध्ये निघाला. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने जैन समाजावर प्रकाशित केलेल्या अभ्यासग्रंथात आधुनिक काळातील जैन सुधारणा चळवळींवरील त्यांचा लेख समाविष्ट झाला. ज्या केंब्रिजमधून डॉ. घुर्ये विद्या घेऊन आले होते, तेथील अभ्यासक आता त्यांच्या शिष्याचे लेखन संदर्भासाठी वाचत होते.

वहीतील पुढचे पान

१ मार्च २०११ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी डॉ. विलास संगवे यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या जनगणनेसाठी देशाची लोकसंख्या ज्या क्षणाची म्हणून गृहीत धरण्यात आली, तो क्षणही १ मार्च २०११ च्या मध्यरात्रीचाच होता. समाजाच्या मोजणीपासून ज्यांनी आपल्या विद्येला आरंभ केला, त्यांच्या आयुष्याची अखेर आणि देशाची मोजणी एकाच तारखेवर यावी, हा योगायोग विलक्षण आहे.

त्या जनगणनेत जैनांची संख्या ४४,५१,७५३ भरली आणि त्यांपैकी १४,००,३४९ जैन महाराष्ट्रात होते. जनगणनेच्या वेळी आपला धर्म जैन असाच नोंदवावा, हा आग्रह समाजाच्या संस्थांनी दीर्घकाळ धरला होता, त्याचाही या आकड्यात वाटा आहे. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. जैनांच्या स्वतंत्र ओळखीचा जो पुरावा डॉ. संगवे यांनी सहा दशकांपूर्वी मांडला होता, त्याचे महत्त्व तेव्हा पुन्हा एकदा लक्षात आले.

ही झाली जमेची बाजू. नावे बाजूही त्याच जनगणनेत आहे. सहा वर्षांपर्यंतच्या जैन बालकांत दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ८८९ इतकीच होती. हे प्रमाण देशाच्या सरासरीहूनही कमी होते. मुंगीलाही धक्का लागू नये म्हणून पाऊल जपून टाकणाऱ्या समाजाच्या घरात मुली कमी का, हा प्रश्न अहिंसेच्या मुळाशी जाणारा आहे. पोथी आणि व्यवहार यांच्यातील हे अंतर डॉ. संगवे यांच्या नजरेतून सुटले नसते आणि त्यांनी ते झाकलेही नसते. पोटजातींच्या भिंती आज कितपत खचल्या, विवाह जुळवताना त्यांची विचारपूस अजून होते का, शेती आणि व्यापार सोडून नोकरीत गेलेल्या पिढीचे धर्माशी नाते कोणते, या प्रश्नांचीही नव्याने नोंद व्हायला हवी. २०२१ साली नियोजित असलेली जनगणना वेळेवर होऊ शकली नाही, त्यामुळे जुन्या आकड्यांवरच दीर्घकाळ भिस्त ठेवावी लागली.

डॉ. संगवे यांच्या तारुण्यात सोलापूरच्या विद्यार्थ्याला डॉक्टरेटसाठी मुंबई गाठावी लागत होती. २००४ साली सोलापुरात स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. विद्येचे दार आता घराजवळ आले आहे. कारखान्याचा हिशेब उत्तम ठेवणाऱ्या घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी समाजाचा हिशेब लिहायला पुढे आली, तर तिने आधी डॉ. संगवे यांचा ग्रंथ उघडावा. त्यातील आकडे जुने झाले आहेत. जमा आणि नावे या दोन्ही बाजू सारख्याच अक्षरात लिहिण्याची त्यांची रीत मात्र जुनी झालेली नाही. तिचे अनुसरण हीच त्यांना वाहिलेली खरी विनयांजली ठरेल.